खाली कोणी राहत नाही

मु. सोनखडी, ता. शेवगाव
सोमवार, ता. २० मे १९४६

चि. गोरक्षनाथ यास,

तुला एक आजी आहे. सोनखडीला असते, अंगानं ठेंगणी, पुढचे दात नाहीत. ओळख पटावी म्हणून सांगते. कारण संक्रांतीपासून तुझी दोन पत्रं आली. एकात दोन ओळी, दुसऱ्यात तीन प्रश्न, आणि दोन्हींत आजीच्या दातांची चौकशी नाही. नगरला कचेरीत कारकून झालास म्हणजे घरीही कचेरीसारखं लिहायचं, असा काही नियम आहे का?

हे पत्र सहादेव मास्तर लिहितात. मी बोलते, ते नीट करून लिहितात. मी "लई" म्हटलं की ते "फार" लिहितात. मग मी वाचून घेते आणि परत "लई" करायला लावते. त्यात त्यांची शाई जाते, माझं काही जात नाही.

इथं सगळं ठीक. तुझा बाप बन्सी नांगरटीच्या मागं आहे, तुझी आई लोणच्याच्या मागं आहे आणि मी त्या दोघांच्या मागं आहे.

आता तुझे प्रश्न. पहिला, ओव्हरसियर आला का? आला. सरकार खाजगी तळ्यांचे वर्ग पाडतंय आणि आपल्याकडं नऊ तारखेला, गुरुवारी माणूस येईल, असं तूच कळवलं होतंस. तसा तो आला. कोवळा आहे अजून, चष्मा लावतो, तळ्याच्या भिंतीवर चढताना धापा टाकतो. त्यानं भिंत आधी पावलांनी मोजली, मग फितीनं मोजली. दोन्ही जुळेनात तेव्हा परत मोजली. मी बाभळीखाली बसून बघत होते.

दुसरा, वर्ग कोणता दिला? दुसरा. आणि हे वर्ग मला आधी उलटेच वाटले. तू शाळेत पहिला आलास तेव्हा आम्ही गावात पेढे वाटले. इथं पहिला वर्ग म्हणजे सगळ्यांत वाईट. ओव्हरसियरनं समजावून सांगितलं: वर्ग भिंतीच्या मजबुतीवरून ठरत नाही. भिंत फुटली तर खाली कोण सापडेल, त्यावरून ठरतो. खाली माणसांची घरं असतील तर पहिला. नुसती शेतं असतील तर दुसरा. माळ असेल तर तिसरा. पहिल्या वर्गाच्या तळ्याला दगडी सांडवा बांधावा लागतो, जादाचं पाणी बाजूनं निघून जायला. आणि तो होईतो भिंत पुरुषभर उतरवून ठेवावी लागते, तीही मृगाच्या आत. दुसऱ्या वर्गाला यातलं काही नाही. म्हणून आपल्याला दुसरा मिळाला ते बरं झालं.

योगायोगानं त्याच दिवशी साती आसरांचं जेवण होतं. पाण्याच्या देवी आहेत त्या, आपल्या भिंतीवर त्यांचे सात दगड आहेत, हे तुला आठवतं का तेही विसरलास? बोकड नेहमीसारखा खालच्या वस्तीतल्या सत्तारनं कापला, म्हणजे त्यांच्या घरांनाही चालतो आणि आपल्यालाही. जेवायला येणारानं आधी एक पाटी माती भिंतीवर टाकायची आणि मगच पानावर बसायचं, हा तुझ्या आजोबांचा नियम ओव्हरसियरला सांगितला. त्यानं बूट काढले, पाटी डोक्यावर घेतली, निम्मी माती स्वतःच्या चष्म्यावर सांडली आणि उरलेली भिंतीवर टाकली. लई चांगला मुलगा आहे. जेवताना म्हणाला, "आजी, भिंतीच्या पायथ्याला पाझर आहे, तो निवळ आहे तोवर चिंता नाही. गढूळ यायला लागला तर समजा भिंतीच्या पोटातली माती निघाली. लगेच कळवायचं." मी म्हटलं, रस्सा घे.

तिसरा प्रश्न तू पत्राच्या कडेला मागाहून घातलास, की कचेरीत आलेल्या कागदात "खाली वस्ती नाही" असं लिहिलंय, मग सत्तारचाचांची पाच घरं कुठं गेली? ती कुठं जातील, बाबा? ओढ्याच्या वळणावर होती तिथंच आहेत. याहून जास्त या पत्रात मावत नाही. मास्तरांना उजेडात घरी पोचायचंय.

तुझी आजी
आक्काबाई
(निशाणी डावा अंगठा)


मु. सोनखडी
मंगळवार, ता. २८ मे १९४६

गोरखा,

या वेळी तुझं उत्तर चौथ्या दिवशी आलं. म्हणजे टपालखातं ठीक चाललंय, खोट तुझ्यात होती.

आजीचं वय तुला आठवत नाही, पण तिथ्या बऱ्या आठवतात. आसरांचं जेवण अखितीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी असतं, यंदा गुरुवारी कसं आलं, असं तू विचारतोस. मास्तरांनी हे वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. त्यांनाही तोच प्रश्न पडला होता म्हणे, पण जेवण झाल्यावर पडला.

जेवण मी अलीकडं आणलं. तुझं पत्र वाचून घेतलं आणि आणलं.

सकाळीच पाचही घरांना निरोप दिला, की आज चुली पेटवू नका, न्याहारीपासून सगळं वर आहे. बायापोरांसकट या, म्हातारी माणसं बैलगाडीत आणा, शेळ्यापण आणा, पाला काढून ठेवलाय. ती माणसं आनंदानं आली. आक्कानं यंदा मन मोठं केलं, असं सत्तारची थोरली भावजय म्हणालीसुद्धा. मी तिला दोनदा वाढलं.

मग ओव्हरसियर खाली बघायला निघाला. मी म्हटलं, मीही येते. पाच घरं, पाचांना कड्या, चुली गार. त्यानं विचारलं, "इथं कोण राहतं?" मी म्हटलं, "कोणी राहत नाही. औतं ठेवायच्या खोल्या आहेत. भाजीला पाणी द्यायला दिवसा माणसं येतात आणि जातात." त्यानं लिहून घेतलं. तेवढ्यात कोंबड्या आल्या.

"आजी, या कोंबड्या कुणाच्या?"

"माझ्या."

"इतक्या लांब येतात?"

"हिंडायची सवय आहे त्यांना."

त्यानं कोंबड्या लिहिल्या नाहीत. वर येऊन तो पंगतीला बसला आणि सत्तारनंच त्याला वाढलं. ज्यांना त्यानं कागदावरून पुसलं होतं, त्यांच्याच मांडीला मांडी लावून तो जेवला, आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. त्यांनाही नव्हतं. ठाऊक मला होतं, आणि मी ताक वाढत होते.

तू म्हणशील, का? सांगते. हे मी तुझ्या बापालाही सांगितलेलं नाही.

आपल्या भिंतीचा खालचा भाग वडारांनी घातला. तिसऱ्या वर्षी वडार दुसऱ्या कामावर गेले आणि भिंत उंचीला पुरुषभर कमी पडली. तुझे आजोबा दोन दिवस जेवले नाहीत. मग आम्ही बाया उभ्या राहिलो. मी, माझी जाऊ बनुबाई आणि सत्तारची आई शहजादी. पाझराचं पाणी वाया जाऊ नये म्हणून तुझ्या आजोबांनी सत्तारच्या बागवान घराण्याला तेव्हाच खाली भाजी काढायला वसवलं होतं. दोन उन्हाळे आम्ही तिघींनी माती वाहिली. बन्सी पोटात होता, सातव्या महिन्यापर्यंत मी पाटी सोडली नाही. बनुबाईच्या डोक्यावर मधोमध टक्कल पडलं ते शेवटपर्यंत भरलं नाही. आता त्या दोघी नाहीत. आणि सरकार काय म्हणतं, वरची पुरुषभर उतरवा. वडारांची राहील. आमची जाईल.

एवढंच कारण. भिंत उतरली तर पाणी पुरणार नाही, हे नंतर सुचलं, ते मी लोकांना सांगायला ठेवलं होतं.

हे लिहून पत्र संपवणार होते. पण एक गोष्ट झालीय. शुक्रवारी वळीव आला, मोठा आला, तळ्यात कमरेइतकं पाणी चढलं. रविवारी सकाळी शकिला वर आली. सत्तारची सून, कादरची बायको. तिचं दुसरं मूल, मुलगी, अजून अंगावर पितं. ती भांडायलाच आली होती.

"आजी, तुमचे बैल आवरा. पाझरात शिरत्यात. सगळं पानी गढूळ. तीनदा गाळावं लागतंय मला."

"आमचे बैल दोन दिवस गोठ्यात आहेत गं."

"मग काय आसरा न्हाती का तिथं?"

मी हसले. ती गेली, आणि मग मला ओव्हरसियरचं बोलणं आठवलं. मी खाली जाऊन पाझराचा तांब्या भरून आणला आणि देवळीत ठेवला. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी हळूच ओतून दिलं. तळाला बोटाच्या पेरभर माती होती. पिवळसर, चिकण. ओढ्याची माती काळी असते. ही माती मी ओळखते, गोरखा. ही डोक्यावरून नेलेली आहे.

मास्तरांनी टाक खाली ठेवलाय. म्हणतात, "आक्का, हे मी लिहीन. पण खाली कोण सांगणार?"

मी म्हटलं, मी सांगेन. मग म्हणाले, "कधी?"

आज त्यांना चहा देणार नाही.

आजी
(निशाणी डावा अंगठा)


मु. सोनखडी
शनिवार, ता. १ जून १९४६

गोरखा,

अक्षर बदललेलं दिसेल. हे शकिला लिहितेय. शेवगावला मामाकडं राहून चौथी शिकली, आणि आपल्या घरात तिची आठवण कोणाला येते तर पोळ्या लाटायला. ती मी बोलते तसंच लिहिते. "लई" म्हटलं की "लई". मास्तरांपेक्षा बरी.

मास्तर यायला तयार होते. पण तुला सांगून झालं, मास्तरांना सांगून झालं, आणि जिच्या घरावर पाणी उभं आहे तिला ते तिसऱ्याच्या तोंडून कळणार, हे मला सोसेना. समोर बसवून नुसतं सांगायचं, तर तोंड उघडेना. तीन दिवस गेले त्यात. तिच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि वांगी घेऊन परत आले. शेवटी म्हटलं, पत्र सांगायची तेवढी मला सवय आहे. म्हणून काल तिला बोलावलं आणि म्हटलं, मी बोलते तसं लिही.

"ओव्हरसियरला मी सांगितलं की खाली कोणी राहत नाही," इतकं लिहून ती थांबली.

"कुठं खाली?"

"तुमच्याकडं."

"आमच्याकडं तर आमी राहतो."

मी म्हटलं, पुढं लिही. कड्या, चुली, कोंबड्या, गढूळ पाणी, तांब्यातली माती, सगळं सांगितलं. तिनं सगळं लिहिलं. एक अक्षर गाळलं नाही. मग पोरीला मांडीवरून उचललं, कागदाची घडी केली, ती घेऊन खाली गेली. हा दुसरा कागद आहे.

दिवस मावळायच्या आत ती सत्तारला घेऊन वर आली. सत्तार ओट्यावर बसला आणि दाढी खाजवू लागला.

मग म्हणाला, "आक्का, सायेब पंगतीत म्हनला, आजींच्या कोंबड्या लई हायेत. तवाच मी समजलो."

"समजलास तर बोलला का नाहीस?"

"काय बोलू? पहिला वर्ग लागला की भिंत उतरनार. भिंत उतरली की पाझर आटनार. पाझर आटला की वांगी कशावर काढू? आन् तू तर जेवायला घातलं हुतंस. ताटावर बसून कसं बोलायचं?"

म्हणजे आम्ही दोघं म्हातारे, एकमेकांना न विचारता, एकाच खोट्यावर बसलो होतो. मला क्षणभर बरं वाटलं. तेही लिही म्हटलं शकिलाला.

ती तेव्हा उभीच होती. म्हणाली, "तुमा दोघांना ठाऊक हुतं. तुमी आजी, वर झोपता. अब्बा वसरीत झोपतात, दाराशी. पोरांना घेऊन आतल्या खोलीत मी झोपते. मला कुनी विचारायचं हुतं?"

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, तू मला ओळखतोस.

मग तिनंच सांगितलं काय करायचं ते. पाचही घरं त्याच संध्याकाळी वर आणली. शेळ्या, कोंबड्या, पेट्या, पाळणा, सगळं आता आपल्या खळ्यात आहे. तुझ्या आईला मोडकी खाट मिळालीय आणि ती माझ्याशी बोलत नाही, पण ते जुनंच आहे.

आज सकाळपासून बन्सी, सत्तार आणि कादर भिंत उतरवतायत. मधे हात लावला नाही. उत्तरेच्या टोकाला मुरमाचं टेकाड आहे, तिथून चर काढला आणि पाणी त्या बाजूनं हळूहळू सोडलं. मग वरची माती टिकावानं सोडवून मागं ओढायला घेतली. मृगाच्या आत पुरुषभर उतरेल असं सत्तार म्हणतो. त्याचे वाफे निम्मे होतील. आपली विहीरही जानेवारीतच खाली जाईल. "बघू," म्हणाला. तो "बघू" म्हणाला की त्याच्या पोटात तुटत असतं, हे मला तीस वर्षांपासून ठाऊक आहे.

मी बघायला गेले नाही, असं लिहायला सांगणार होते. पण लिहिणारीनं मला तिथं बाभळीखाली पाहिलंय. गेले होते. पहिला थर निघाला तेव्हा उठून आले. माती अजून घट्ट होती, टिकाव दोनदा मारावा लागत होता. एवढं बनुबाईला आणि शहजादीला कळलं असतं तर त्यांना आवडलं असतं.

आता तुझं काम. ही तिन्ही पत्रं ओव्हरसियरला नेऊन दे. माझी पहिली दोन तू जपून ठेवली असशील असं मी धरून चालते. त्याला सांग, त्यानं नीट विचारलं होतं, उत्तर देणारी खोटी होती. खाली पाच घरं आहेत. तेवीस माणसं आहेत आणि त्यांत सात पोरं पाच वर्षांच्या आतली. आपल्या तळ्याचा वर्ग पहिला लिहायचा. भिंत आमची आम्हीच उतरवतोय, पण सांडवा कुठं नि कसा घ्यायचा ते सांगायला त्यानं मृगाच्या आत यावं. मला दंड करायचा असेल तर करावा, आणि ओरडायचं असेल तर भिंतीवर उभं राहून ओरडावं, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल.

तारीख तू कळवलीस याचं मनाला लावून घेऊ नको. पाहुणा कधी येणार हे आजीला सांगणं हा काही गुन्हा नाही. तिनं त्याचं काय केलं, ते तिच्याकडं. मात्र तू तिसरा प्रश्न विचारलास आणि परत विचारलास. कचेरीसारखं लिहितोस म्हणून मी तुला हसले, ते मागं घेते. दातांचं घेत नाही.

खळ्यात सगळे माझ्या चुलीवर जेवतात. एकटी शकिला नाही. गोठ्याच्या कडेला तिनं तीन दगडांची आपली चूल मांडलीय आणि नवऱ्यापोरांपुरतं तिथं रांधते. सकाळी मी दूध पाठवलं, तर भांडं भरलेलंच परत आलं, वर ताटली झाकून. मला म्हणते, भूक न्हाई. अंगावर पाजणाऱ्या बाईला भूक नाही. ती माझं पत्र लिहिते, माझ्याशी नीट बोलते, पोरीला माझ्या मांडीवर देते. फक्त माझं खात नाही. मी ताटावर बोलावून काय केलं ते तिनं काल स्वतःच्या हातानं लिहिलंय, तेव्हा यात मला काही म्हणायला जागा नाही.

"आजी, हे पन लिहू?" म्हणते.

लिही म्हटलं.

जिच्या बोलण्यावर तू इथून पुढं एकदा विचारून मगच विश्वास ठेवावास, ती तुझी आजी,
आक्काबाई
(निशाणी डावा अंगठा)

ता. क. सोमवारच्या मोटारीनं खारीक, डिंक आणि सुकं खोबरं पाठव. वर शकिलाचं नाव घाल आणि खाली तुझं, माझं कुठंच नको. ती म्हणते, हे मीच लिहितेय तर मला कळणारच. कळू दे. तुझ्या बायकोला लाडू वळायला लावू नको, सगळं कोरडंच पाठव. वळायचे तर ती वळेल, तिच्या चुलीवर.